फ्लीटवुड मॅकचा 'रूमर्स': ज्याच्यावर गाणं, त्यानंच मागं कोरस द्यायचा

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांवर इथं भरपूर धागे आहेत, इंग्रजी बँडवर आपल्यात फार कुणी लिहीत नाही. मला मात्र एका अल्बमवर मनापासून बोलायचं आहे. फ्लीटवुड मॅक या बँडचा 'रूमर्स'. ४ फेब्रुवारी १९७७ ला आला. माझ्याकडं तो पोचला १९९५ साली, शाहूपुरीतल्या एका दुकानातून भरून घेतलेल्या कॅसेटवर. तेव्हापासून तो माझ्या घरात वाजतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. पाच जणांचा बँड. ड्रमवर मिक फ्लीटवुड, बेस गिटारवर जॉन मॅकव्ही. बँडचं नाव या दोघांच्या आडनावांवरून पडलं. जॉनची बायको क्रिस्टीन कीबोर्डवर आणि गायला. लिंडसी बकिंगहॅम गिटारवर, आणि त्याच्यासोबत आलेली त्याची मैत्रीण स्टीव्ही निक्स गायला. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या सॉसॅलिटो गावी 'रेकॉर्ड प्लँट' स्टुडिओत हे पाचजण रेकॉर्डिंगला बसले, तेव्हा जॉन-क्रिस्टीनचं आठ वर्षांचं लग्न मोडलेलं होतं, लिंडसी आणि स्टीव्हीचं तुटत होतं, मिकचंही घर मोडायच्या वाटेवर होतं. तरी बँड कुणीच सोडला नाही. उलट तिघांनी गाणी लिहिली आणि ती एकमेकांवरच लिहिली. जॉन म्हणाला, ही गाणी म्हणजे आपण एकमेकांबद्दल लिहिलेल्या डायऱ्याच आहेत. त्यावरून अल्बमचं नाव 'रूमर्स', म्हणजे अफवा.

अल्बम किती खपला वगैरे कुठंही वाचायला मिळेल. अमेरिकेत ३१ आठवडे पहिल्या नंबरवर, १९७८ चं ग्रॅमी, जगभरात ४ कोटींच्या वर प्रती. मला धरून ठेवलंय ते वेगळ्याच गोष्टीनं.

'गो युवर ओन वे' हे लिंडसीचं गाणं स्टीव्हीवर आहे, आणि त्यात तिच्यावर एक आरोप आहे. तो खोटा आहे, ती ओळ काढ, असं ती त्याला सांगत होती. त्यानं काढली नाही. आणि त्याच गाण्यात त्याच्या सुराला सूर लावणारा आवाज स्टीव्हीचा आहे. क्रिस्टीननं 'यू मेक लव्हिंग फन' लिहिलं ते तिच्या नव्या मित्रावर, बँडचं लाइटिंग बघणाऱ्या माणसावर. जॉनला मात्र तिनं सांगितलं, गाणं माझ्या कुत्र्यावर आहे. आता ते गाणं लावा आणि फक्त बेस ऐका. तो जॉननं वाजवलाय. इतका गुबगुबीत, इतका जीव लावून वाजवलेला बेस त्या अल्बममध्ये दुसरीकडं क्वचितच सापडेल.

हे मला एवढं का लागतं ते सांगतो. १९९४ साली मी कोल्हापुरातल्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. मुख्य गायक-गायिका नवरा-बायको. त्या वर्षी श्रावणात त्यांचं फाटलं, ती माहेरी निघून गेली. पण गणपतीच्या दहाही दिवसांच्या सुपाऱ्या आधीच घेतलेल्या. इचलकरंजी, कागल, गडहिंग्लज, निपाणी. उचल वाटून झालेली, परत द्यायला कुणाकडं पैसा नाही. मग दोघंही आले. मॅटाडोरमध्ये ती पुढं ड्रायव्हरशेजारी, तो मागं आमच्यात, स्पीकरच्या खोक्यावर बसून. रस्ताभर एक शब्द नाही. स्टेजवर मात्र सगळी ड्युएट व्हायची. दोघांची गाण्यांची वही एकच होती, एकाच स्टँडवर. पान तो उलटायचा. ओळ संपायच्या जरा आधीच, तिला पुढचा शब्द हुकू नये म्हणून. भांडणाआधीही तसंच, भांडणानंतरही तसंच. मी कीबोर्डमागं बसून दहा रात्री तो हात बघितलाय.

पुढच्या वर्षी 'रूमर्स' हाती आला. त्यामागची गोष्ट कळली तेव्हा मला तो हात आठवला. प्रेम तुटतं म्हणजे नेमकं काय तुटतं आणि काय शिल्लक राहतं, हे या अल्बमइतकं खरं मला दुसरीकडं ऐकायला मिळालेलं नाही. तुम्हाला काय वाटतं, लिहा.

टेपवाला

दादा, शाहूपुरीत त्या काळात मीही कॅसेटी भरून द्यायचो. तुमची माझ्याच दुकानातली असली तर आनंदच आहे.

या अल्बमच्या टेपची गोष्ट सांगतो, आमच्या धंद्यातली म्हणून. कॅसेट खूप वाजली की टेपरेकॉर्डरच्या हेडवर, म्हणजे टेप ज्याला घासून जाते त्या भागावर, तपकिरी भुकटी बसते. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसली की बोळा चहासारखा होतो. ती भुकटी म्हणजे टेपवरचा लोहाचा थर. गाणं त्या थरातच असतं, म्हणजे पुसताना आपण गाण्याचाच थोडा अंश पुसत असतो. आधी जातात ते बारीक, चरचरीत आवाज. झांज, टाळी, ड्रमची धार.

'रूमर्स'च्या मूळ टेपचं हेच झालं. गिटार घाला, कोरस पुन्हा घ्या, ती गिटार काढा, दुसरी घाला, असं करत महिनोन्‌महिने टेप हेडवरून फिरली आणि एक दिवस लक्षात आलं की ड्रम बोदा वाजतोय. नशिबानं सुरुवातीलाच काढून ठेवलेली एक प्रत होती, न वाजवलेली. मग एका माणसाला बसवला. हेडफोनच्या एका कानात घासलेली टेप, दुसऱ्या कानात कोरी प्रत. मशिनचा वेग हातानं कमी-जास्त करत त्यानं ड्रममधल्या स्नेअर आणि हाय-हॅटच्या (झांजेच्या) ठोक्यावरून दोन्ही जुळवत आणल्या. आजच्यासारखा संगणक नाही, निव्वळ कानावर. दोन टेप मिनिटभर जुळवून ठेवायचा प्रयत्न मी स्वतः केलाय, म्हणून सांगतो, त्या माणसाच्या पाया पडायला पाहिजे.

त्या पाच जणांनी एकमेकांवरची गाणी टेप झिजेपर्यंत पुन्हा पुन्हा ऐकली. भांडण झालेल्या माणसाचा आवाज आपण फोनवरसुद्धा टाळतो.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

मी हा अल्बम ऐकायला लागले लॉकडाऊनमध्ये. २०२० ला तो स्केटबोर्डवरून क्रॅनबेरी ज्यूस पीत जाणारा माणूस सगळ्यांच्या मोबाइलवर होता ना, त्याच्यामागं 'ड्रीम्स' वाजत होतं. त्या एका व्हिडिओमुळं ४३ वर्षांचं गाणं परत चार्टवर आलं. तिथून मी मागं मागं जात सगळा अल्बम ऐकला.

'ड्रीम्स' स्टीव्हीनं स्टुडिओतल्याच एका रिकाम्या खोलीत बसून दहाएक मिनिटांत लिहिलं. क्रिस्टीनला आधी ते कंटाळवाणं वाटलं होतं, कारण जवळपास सगळं गाणं दोनच कॉर्डवर (एकदम वाजवायच्या सुरांच्या जुळणीवर) चालतं. मग त्या दोनच कॉर्डांना लिंडसीनं असं काही सजवलं की प्रत्येक भाग वेगळा वाटतो. म्हणजे ज्याला ती त्या गाण्यात सुनावतेय, त्यानंच ते उभं केलं. अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलेलं या बँडचं हे एकमेव गाणं.

पण पंचगंगाकाठ दादा, एक गोष्ट मला पटली नाही. आपल्यावर खोटा आरोप असलेल्या गाण्याला कोरस द्यायला लागणं, तेही पुढं वर्षानुवर्षं प्रत्येक कार्यक्रमात, हे तुम्हाला सुंदर वाटतं. मला ते दुखणं वाटतं. स्टीव्हीनं 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' नावाचं गाणं लिहिलं होतं, लिंडसीवरच. ते लांब होतं, तबकडीवर जागा पुरेना, म्हणून काढून टाकलं. मिकनं तिला स्टुडिओच्या पार्किंगमध्ये नेऊन सांगितलं आणि ती तिथंच रडली, ओरडली. नंतर ते गाणं लावलं कुठं, तर 'गो युवर ओन वे'च्या छोट्या तबकडीच्या मागच्या बाजूला. एका बाजूला त्याचं म्हणणं, उलटी केली की तिचं. आणि रेडिओवर वाजते ती पुढची बाजू.

तुमच्या ऑर्केस्ट्रातल्या त्या बाईंना कुणी विचारलं होतं का, त्या दहा रात्री कशा गेल्या म्हणून? पान उलटणारा हात तुम्ही बघितला. तिचा चेहरा बघितला का?

हलगीवाला

'सेकंड हँड न्यूज' ऐका. त्यात जे टकाटक वाजतंय ते ड्रम नाही. लिंडसीनं स्टुडिओतल्या खुर्चीच्या रेक्झिनच्या सीटवर वाजवलंय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं हलगी कुठनं आली! नाद खुळा गाणं आहे.

षड्ज

मी देवल क्लबात गाणं शिकले, त्यामुळं हा धागा वेगळ्या कानानं वाचला. काल रात्री अल्बम सलग दोनदा ऐकला.

आमच्या ठुमरी-बंदिशींत तक्रार भरपूर असते, पण पिया समोर नसतो. तो परदेशी, किंवा सवतीच्या दारी. नायिका बोलते ती सखीशी. रसिकालाही त्या एकटेपणाची सवय झालेली असते, दुसरी बाजू ऐकायची कुणाला गरजच वाटत नाही. समोरासमोर उत्तर द्यायची पद्धत आपल्याकडं शाहिरीत आहे. कलगीवाले शक्तीची बाजू घेणार, तुरेवाले शिवाची, आणि रात्रभर एकानं कोडं घालायचं, दुसऱ्यानं सोडवायचं. पण तिथंही प्रत्येकाचा डफ वेगळा, तुणतुणं वेगळं, मागं सूर धरणारे झीलकरी वेगळे. तुऱ्याच्या शाहिराला कलगीवाला झील देतोय, असं कधी होत नाही.

'रूमर्स'मध्ये ते होतं. पिया गिटार घेऊन तीन हातांवर उभा आहे आणि तीच चाल बांधायला मदत करतोय. हे ऐकायला मला आधी अवघड गेलं, कारण कुणाची बाजू घ्यावी कळेना. 'द चेन' पाशी आल्यावर उलगडलं. पाचही जणांच्या नावावर असलेलं या अल्बममधलं तेवढं एकच गाणं. वेगवेगळ्या अर्धवट गाण्यांचे तुकडे, टेप ब्लेडनं कापून जोडलेले. मध्ये सगळं थांबतं आणि जॉनचा एकटा बेस येतो. (बीबीसीवर फॉर्म्युला वनच्या मोटारशर्यती बघितलेल्यांना तो लगेच ओळखू येईल, त्या कार्यक्रमाची धून तीच होती.) त्या जागी शब्द नाहीत, आरोप नाहीत, आणि मला वाटतं अख्ख्या अल्बममधलं सगळ्यांत खरं वाक्य तेच आहे.

राजारामपुरी ताईंचा प्रश्न मात्र मोलाचा आहे. धागाकर्त्यांनी उत्तर द्यावं.

रोखठोक_निपाणी

सगळे फारच भारावलेले दिसताहेत, म्हणून लिहितो. त्या स्टुडिओत दारू आणि कोकेन किती चालायचं हे त्या लोकांनी स्वतःच सांगितलंय. स्टीव्ही निक्सला पुढं १९८६ मध्ये व्यसनमुक्ती केंद्रात दाखल व्हावं लागलं. लाखो डॉलरचा करार गळ्यात असल्यावर बँड कोण सोडेल? यात नात्याचं मोठेपण कुठं आलं?

आणि संसार मोडला तरी कामावर जायला लागणं, ही काय नवलाई आहे का? आमच्या निपाणीत तंबाखूच्या वखारीत एका फळीवर बसणारी, एकमेकांचं तोंडही न बघणारी माणसं मी लहानपणापासून बघतोय. त्यांच्यावर कुणी अल्बम काढत नाही.

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

रोखठोक, कोकेनबद्दल तुम्ही खरं तेच लिहिलंय आणि ते झाकायची माझी इच्छा नाही. शेवटचं गाणं 'गोल्ड डस्ट वूमन' त्यावरच आहे. स्टीव्हीचा आवाज त्यात एखाद्या वाळलेल्या विहिरीतून यावा तसा येतो. आणि वखारीचं तुम्ही म्हणता तेच माझंही म्हणणं आहे. न बोलता शेजारी बसून काम करणारी माणसं जगात सगळीकडं आहेत. त्या बसण्यात काय चाललेलं असतं ते गाण्यात क्वचित येतं. इथं आलं, म्हणून मी हा अल्बम धरून बसलोय.

राजारामपुरी ताई, तुमचा प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही. नाही, मी तिचा चेहरा बघितला नव्हता. मी तिच्या मागं बसायचो. आणि नंतर विचारलंही नाही. तीस वर्षं मी ती गोष्ट सांगतोय ती फक्त मला दिसली तेवढीच. ती बाई आजही कोल्हापुरात आहे. तिला भेटून येतो.

उद्यमनगर_लेथ

धाग्यावर पहिल्यांदाच लिहितोय. माझा घटस्फोट झाला त्याला सहा वर्षं झाली. कारखान्यात माझी भागीदारी तिच्या भावाबरोबर होती आणि अजूनही आहे. रोज सकाळी त्याच्यासमोर चहा घ्यायचा. त्यामुळं धागाकर्ता काय म्हणतोय ते मला चटकन कळलं.

पहिलं वर्ष मी या अल्बममधली फक्त लिंडसीची गाणी ऐकायचो. रागाला राग पाहिजे असतो. 'डोन्ट स्टॉप' लागलं की पुढं ढकलायचो. ते क्रिस्टीननं जॉनसाठी लिहिलं, झालं गेलं सोड आणि उद्याकडं बघ, अशा अर्थाचं. सोडून जाणाऱ्यानंच हे सांगावं? मला फार राग यायचा. मग कुठंतरी वाचलं की ते आपल्यावर आहे हे जॉनला कितीतरी वर्षं कळलंच नव्हतं, नुसता वाजवत होता. ते वाचून मी लेथसमोर उभा राहून खूप वेळ रडलो. का रडलो ते आजही नीट सांगता येणार नाही.

आता 'साँगबर्ड' ऐकतो. क्रिस्टीन एकटी, पियानो, मागं हलकी गिटार. ते स्टुडिओत नाही घेतलं. बर्कलीतलं मोठं नाट्यगृह भाड्यानं घेतलं आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर रात्रभर बसून रेकॉर्ड केलं. पियानोवर गुलाब ठेवले होते. रिकाम्या नाट्यगृहाचा घुमारा त्यात ऐकू येतो. केशवराव भोसले नाट्यगृहात लहानपणी प्रयोगाआधी जाऊन बसायचो तेव्हा टाळी वाजवली की तसाच घुमायचा. २०२४ च्या आगीनंतर ते गाणं लागलं की दोन्ही एकदम आठवतात.

३० नोव्हेंबर २०२२ ला क्रिस्टीन गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन बंद ठेवलं होतं.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

लेथ दादा, लिहिलंत ते बरं केलंत.

टेपवाला

असंच म्हणतो. कधी शाहूपुरीकडं आलात तर भेटा. माझ्याकडं 'साँगबर्ड'ची चांगली प्रत आहे, मोबाइलवर ऐकू नका ते.

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, भेटून आलो. विचारूनच इथं लिहितोय. नाव लिहू नको एवढंच म्हणाली.

महाद्वार रोडच्या मागं एका बोळात राहते. लहान मुलींना गाणं शिकवते. चहा झाल्यावर मी तो गणपतीचा सीझन काढला. म्हणाली, त्या दहा रात्रींचं मला काय विचारतोस, मला उचल फेडायची होती आणि पोराची फी भरायची होती. घरी परत जायचं नाही हे ठरलेलं होतं. रोज कार्यक्रम संपला की मळमळायचं, मॅटाडोर थांबवायला लावून दोनदा ओकले, ते तुम्हा कुणाला कळलंही नाही. तुम्ही मागं झोपलेला असायचात.

मग मी वहीचं विचारलं. पान तो किती वेळेवर उलटायचा, हे मला अजून आठवतं म्हणालो. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, अरे, मला त्या वर्षी चष्मा लागला होता. स्टेजवर चष्मा घालून गाणारी गायिका कोण ऐकणार, म्हणून मी घालत नव्हते. वहीतलं मला धूसर दिसायचं. पान उलटताना तो पहिल्या ओळीखाली बोट ठेवायचा आणि पहिला शब्द ओठांत पुटपुटायचा. मी तो बघून उचलायचे. हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. एवढं भांडला माझ्याशी, चारचौघांत नको नको ते बोलला, पण हे कुणाला बोलला नाही. आणि म्हणून मी त्याला माफ केलं असं समजू नकोस.

मी तिला त्या अमेरिकन बाईची गोष्ट सांगितली, वगळलेल्या गाण्याची. म्हणाली, ऐकव. मी १९९७ चा कार्यक्रम लावला, 'रूमर्स'ला वीस वर्षं झाली तेव्हा पाचजण परत एकत्र आले होते तो. त्यात 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' आहे. शेवटी स्टीव्ही वळून थेट लिंडसीकडं बघत गाते आणि तो गिटार वाजवत, कोरस देत तिच्याकडं बघतो. आमच्या गायिकेला इंग्रजी फारसं कळत नाही. मोबाइल डोळ्यांजवळ धरून तिनं ते दोनदा बघितलं, आता चष्मा लावून. दुसऱ्यांदा शेवटचा भाग आला तेव्हा बोटानं पडदा थांबवला आणि म्हणाली, "हे बघ, इथं तिचा श्वास तुटतोय. आणि तो गडी गातोय बघ खालून, तिला जागा सोडून."

शिकवणीच्या पोरी दारात येऊन थांबल्या होत्या. तिनं पेटी पुढं ओढली, मी निघालो.